ट्री सॅडल शिवायला कापड कोणतं घ्यावं?

किनवटकडे तुमचं शेत, धुऱ्याला लागून सागाचं जंगल. आखाड्याजवळच्या झाडावर बसून रोही, डुकरं, मोर यांचे फोटो काढायचेत, जमलं तर जागलही करायची आहे. त्यासाठी अमेरिकेतले हरणाचे शिकारी वापरतात तसं ट्री सॅडल, म्हणजे बुंध्याला दोराने बांधून लटकत बसायचं कापडी खोगीर, घरीच शिवायचं आहे. कापड १००० डेनियरचं घ्यावं, ५०० चं की जाळीचं, आणि जुन्या गाडीचा सीटबेल्ट चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं नांदेडला ताडपत्री, बॅगा आणि सीटकव्हर शिवायचं दुकान आहे. पक्षी बघणाऱ्या मंडळींना अशी खोगिरं शिवून दिलेली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

शिकारीचं एका ओळीत उरकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, आणि रोही-डुकरांनी पिकाची नासाडी केली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. फोटोसाठीसुद्धा झाड तुमच्या मालकीच्या रानातलं असू द्या. अभयारण्यात मचाणावर बसायचं असेल तर बुद्धपौर्णिमेच्या प्राणी मोजणीला वनखात्याकडे नाव द्या.

आता मुद्द्याचं. सगळे कापडाचंच विचारतात. पण या खोगिरात माणसाचा जीव कापडावर नसतो, पट्टीवर असतो. रचना बघा. कमरेला एक पट्टी, बसायच्या कापडाच्या वरच्या आणि खालच्या कडेने फिरवलेली पट्टी, दोन्ही कुशींना तिचे लूप, त्या दोन लूपांत ओवलेला आडवा दोर म्हणजे ब्रिज, आणि तो ब्रिज बुंध्याला बांधलेल्या दोराला कॅराबिनरने (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) अडकवलेला. पाय बुंध्याला किंवा छोट्या फळीला टेकलेले. कापडाचं काम एवढंच की मांड्या आणि बूड यांवरचा दाब पसरावा. कापड मधून टर्रकन फाटलं तरी माणूस पट्ट्यांमध्ये लटकून राहिला पाहिजे. ज्या नमुन्यात पट्टी कापडाच्या कडेला येऊन संपते आणि पुढचा भार नुसत्या टिपेवर पडतो, तो नमुना मी शिवत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

भाराचा हिशेब लोकांना वाटतो तसा अर्धा-अर्धा नसतो. ब्रिजच्या दोन बाजूंमधला कोन जितका रुंद, तितका प्रत्येक लूपवरचा ताण जास्त. कोन १२० अंशांचा झाला की ८० किलोच्या माणसाचे ८० किलो प्रत्येक बाजूला येतात. म्हणून ब्रिज फार आखूड ठेवू नका. बुंध्याचा दोर डोक्याच्या उंचीला ताठ ठेवा. त्यात ढील राहिली आणि पाय घसरला, तर बसणारा झटका वजनाच्या कितीतरी पट असतो.

पट्टी नीट असेल तर कापडाची निवड आराम, ऊन आणि आवाज यांवर येते. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, म्हणजे आकडा फक्त धाग्याची जाडी सांगतो. धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा, वीण घट्ट की सैल, हे त्यातून कळत नाही. १००० डेनियरच्या सैल विणीपेक्षा ५०० ची घट्ट वीण जास्त टिकते. बॅगवाल्यांकडे १६८० चं मॅटी कापड सहज मिळतं. ते दणकट आहे, पण ताठ. पाय हलवला की खसखसतं, आणि रोहीचे कान तुम्हाला माहीत आहेत. मी ५०० डेनियरचं घट्ट विणीचं पॉलिस्टर घेतो आणि ते दुहेरी घालतो. अंगाला मऊ बसतं, आवाजही कमी.

नायलॉन की पॉलिस्टर? अमेरिकेतले बरेच जण नायलॉनला पसंती देतात, कारण ते घासून लवकर झिजत नाही. ते खरंही आहे. पण नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की ताणतं आणि ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरते. पॉलिस्टरला ओल्याचा फरक जवळपास पडत नाही आणि उन्हातही ते नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि खोगीर झाडावरच सोडून येण्याची सवय असते, त्यामुळे माझा कौल पॉलिस्टरला. फक्त मागच्या बाजूला जिथे साल घासते तिथे नायलॉनचं ठिगळ आधीच लावून टाका. लिंबाची, बाभळीची साल कानशीसारखी चालते.

आतून पीव्हीसीचा थर दिलेलं कापड नको. घाम जिरत नाही आणि दोन तासांत मांड्या उकडतात. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पातळ थर चालतो, त्याने कडेच्या दशाही कमी निघतात. जाळी उन्हाळ्यात छान वाटते, पण बूट-बॅगांसाठीची फुगीर जाळी एकटी भार घेत नाही, काटक्यांत अडकून तिचे धागे ओढले जातात. हवी असेल तर तिच्यावरून दोन-तीन आडव्या पट्ट्या फिरवा. सुती किंतान? शांत, थंड, अंगाला उत्तम, ओलं झालं म्हणून कमजोरही होत नाही. पण पावसाळ्यात ओलंच घडी घालून ठेवलं की बुरशी खाते, आणि आतून कुजलेलं बाहेरून दिसत नाही. मी टाळतो.

पट्टीच्या बाबतीत बाजारात सगळ्यात मोठी फसगत होते. ‘नायलॉन पट्टी द्या’ म्हटलं की बऱ्याच दुकानांत पॉलिप्रॉपिलीनची पट्टी हातात ठेवतात. दप्तराला ती ठीक, झाडावर नाही. बिनप्रक्रियेची असेल तर उन्हात तिचा चुरा होतो आणि १६५ अंशांच्या आसपास ती वितळते, म्हणजे दोर जोरात घासला तरी धोका. ओळखायची सोपी रीत आहे. वीतभर तुकडा वाटीतल्या पाण्यात बुडवून आतली हवा चिमटीने काढा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात. दुकानदार हसेल, हसू द्या. कमरेला २ इंची आणि बाकीकडे १ इंची पट्टी घ्या, ज्यावर तुटण्याचा भार छापील मिळतो अशीच, आणि ती उंचीवर काम करणाऱ्यांचं सामान विकणाऱ्याकडून घ्या. कॅराबिनर आणि दोरही तिथूनच. कॅराबिनरवर २२ किलोन्यूटन किंवा जास्त कोरलेलं असावं, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. किल्ल्या अडकवायचे शोभेचे हूक दिसायला तसेच असतात, त्यांच्या नादी लागू नका.

शिवणीला शर्टाचा दोरा वापरायचा नाही. तो टेक्स २७-३० चा असतो (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितका दोरा जाड). इथे बॉन्डेड पॉलिस्टरचा, कमीत कमी टेक्स ७० चा दोरा आणि १८ नंबरची सुई लागते. टेक्स १३५ घेतला तर सुई २२ नंबरची, आणि मग घरची मशीन हात टेकते. सीटकव्हरवाल्याकडे जा. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. टीप दाट म्हणजे मजबूत असं वाटतं, पण पट्टीवर दाट टाके मारले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग होते आणि पट्टी तिथूनच फाटते. लूपच्या जोडाला चौकट आणि आत फुली, अशी टीप. दोरा पट्टीच्या विरुद्ध रंगाचा घ्या, काळ्या पट्टीवर पिवळा. एक टाका झिजला तरी लगेच डोळ्यात भरतो. पट्टी कात्रीने न कापता तापवलेल्या सुरीने कापा, कड आपोआप बंद होते.

खिसे, हूक, बाटलीची जाळी हे सगळं नंतर. पहिल्याच वेळी ही खोगीरभरती केली की वजन वाढतं आणि एकेक खिसा आणखी भोकं पाडतो.

शिवून झालं की चिंचेच्या खालच्या फांदीला, जमिनीपासून हातभर उंचीवर लटकवा आणि तुमच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार टाका. ८० किलोच्या माणसाला सिमेंटची ५० किलोची चार पोती. रात्रभर राहू द्या, सकाळी प्रत्येक जोड बोटाने चाचपा. मग स्वतः त्याच उंचीवर बसा. तरीही वर जाताना अंगात आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण असलेला कारखान्यातला पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट घाला आणि तो वेगळ्या दोराला बांधा. घरी शिवलेल्या खोगिरावर एकट्यावर भिस्त ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. शेवगा, पांगारा यांच्यावर चढूच नका, लाकूड ठिसूळ असतं.

जागलीसाठी मात्र आपला माळाच बरा. खोगिरात डोळा लागला की मांड्यांवर पट्टी रुतते, पायांतलं रक्त अडतं आणि उतरताना पाय साथ देत नाहीत. दोन-तीन तास जागं बसून फोटो काढायला खोगीर, रात्र काढायला माळा.

ठेवताना इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ आणि फवारणीच्या औषधांच्या कपाटात ठेवू नका. ॲसिडने नायलॉन सडतं आणि वरून काही दिसत नाही.

राहिला सीटबेल्ट. त्याची पट्टी पॉलिस्टरचीच असते, साधारण ४७ मिलिमीटर रुंद आणि फार मजबूत. नवी, न वापरलेली मिळाली तर कमरेला खुशाल वापरा. भंगारातल्या गाडीची नको. ती गाडी भंगारात कशी आली ते कुणी सांगत नाही, आणि अपघाताचा झटका खाल्लेली पट्टी आतून ताणलेली असते.