व्हिडिओ उतरला, पण आला कुठून?

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेचे, म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, असे शंभरेक व्हिडिओ यूट्यूबवरून उतरवून हार्ड डिस्कवर ठेवले. आता कोणता कोणाचा, कोणत्या वर्षीचा, काहीच कळत नाही. निम्म्यांचं नाव नुसतं 'व्हिडिओप्लेबॅक'. काय करावं?
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : आधी जुन्यांचं. ब्राउझरची हिस्ट्री उघडा आणि फाइल तयार झाल्याची वेळ तिथल्या वेळेशी ताडून पाहा. त्याच सुमारास उघडलेलं पान सापडलं, तर बहुधा तोच उगम. पण क्रोम साधारण ९० दिवसांचीच हिस्ट्री ठेवतो, म्हणून हे काम आजच करा.

इथून पुढे त्या 'लिंक टाका, डाउनलोड करा' वेबसाइटांचा नाद सोडा. त्या हातात फक्त चित्र देतात, बाकी सगळं टाकून देतात. वायटी-डीएलपी हे मोफत साधन घ्या. काळ्या खिडकीत (टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट) कमांड टाइप करावी लागते, पण आठवड्यात हात बसतो. कमांडमध्ये 'राइट-इन्फो-जेसन' हा पर्याय जोडला (टाइप अर्थात इंग्रजीत, आधी दोन आडव्या रेघा), की व्हिडिओशेजारी एक मजकुराची फाइल पडते. तिच्यात पानाचा पत्ता, चॅनेलचं नाव, वर्णन, अपलोडची तारीख, परवाना दिलेला असल्यास तोही, सगळं असतं. चॅनेलचं नाव उद्या बदलेल, चॅनेलचा आयडी, म्हणजे यूट्यूबने दिलेली ओळखखूण, बदलत नाही. वहीत उतरवायचा तर आयडी उतरवा.

फाइलचं नावही सुरुवातीलाच ठरवून टाका : अपलोडची तारीख आणि व्हिडिओचा अकरा अक्षरी आयडी. मथळा घालायचाच तर थोडका. देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन बाइट खाते आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट. लांबलचक मराठी मथळ्यावर डाउनलोड अडतं ते यामुळेच.

तारखेत एक खोच आहे. साधन ती ग्रिनिच वेळेने लिहितं आणि आपण साडेपाच तास पुढे. दारूकाम बघून कुणी रात्री एक वाजता व्हिडिओ चढवला, तर फाइलवर आदल्या दिवसाची तारीख दिसेल. शिवाय अपलोडची तारीख म्हणजे चित्रीकरणाची नव्हे. जुनी मिरवणूक दर जानेवारीत 'यंदाची' म्हणून फिरतेच! वर्ष ठरवायचं तर वर्णन वाचा, चित्रातले फलक बघा, आणि खात्री नसेल तर नोंदीत 'वर्ष अनिश्चित' असंच लिहा.

'डाउनलोड-आर्काइव्ह' हा पर्याय एका साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आयडी लिहून ठेवतो, त्यामुळे तोच व्हिडिओ दुसऱ्यांदा उतरत नाही. मात्र व्हिडिओ पुसला तरी ती ओळ राहते. पुन्हा हवा असेल तर ओळ हाताने काढा.

आणि हो, यूट्यूबच्या अटींनुसार परवानगीशिवाय असं उतरवणं चालत नाही. ज्याचा व्हिडिओ त्याला विचारा. होकार मिळाला तर तोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

प्रश्न : वायटी-डीएलपीने एकाच व्हिडिओच्या दोन फाइली येतात, एकीत चित्र, दुसरीत आवाज. का?
– जुळे सोलापूर

उत्तर : एफएफएमपेग बसवलेलं नाही. वरच्या दर्जाचं चित्र आणि आवाज यूट्यूब वेगवेगळे ठेवतो, ते जोडायचं काम एफएफएमपेगचं. ते बसवा, पुढचे व्हिडिओ आपोआप जोडून येतील.

प्रश्न : वायटी-डीएलपी महिनाभर नीट चाललं, आता दर व्हिडिओला एरर.
– होटगी रोड

उत्तर : यूट्यूबने आतली रचना बदलली की जुनी आवृत्ती अडते. स्वतंत्र फाइल घेतली असेल तर एक रेघ आणि मोठा 'यू' देऊन ती स्वतःच ताजी होते. पिपने (पायथनची साधनं बसवणारा प्रोग्रॅम) बसवली असेल तर पिपनेच अपग्रेड करा, तिथे हा 'यू' उपयोगाचा नाही.