एकट्यानं सुतारकाम सुरू करतोयस, तर एवढं ध्यानात ठेव भावा

पयलं म्हणजे मटेरियलचे पैसे ॲडव्हान्स घे, लाजू नकोस, मजुरी नंतर मागितली तर चालतंय पण प्लाय स्वतःच्या खिशातनं आणायचा नाही. मी सुरवातीला एका ओळखीच्या घरात असंच केलं, वॉर्डरोब फिट झाला आणि पैशासाठी सहा महिने चकरा मारल्या.

आता पावसाळा. आपल्या कोल्हापुरात जुलैमधी रोज फोन येतात, दार बसत नाही म्हणून. लगेच रंधा मारून सपाट करू नकोस, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतंय, हिवाळ्यात आकसलं की तीच फट बोटभर दिसते आणि गिऱ्हाईक तुलाच बोलतंय. आधी बिजागरीचे स्क्रू बघ, निम्म्या वेळा तेच ढिले असतात. लागलंच तर जिथं घासतंय तिथं खडूनं खूण करून तेवढंच हलकं तास, आणि तासलेल्या कडेला वॉर्निश लाव, उघडी सोडलीस की परत पाणी ओढणार.

किचनला आयएस ७१० छापलेला प्लाय वापर, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. २०१९ आणि २०२१ ला जिथं पंचगंगेचं पाणी घरात शिरलं त्या भागात तर खालच्या कपाटाला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको, भिजला की फुगून भुसा होतोय.

शीट आठ बाय चारची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, पण प्रत्येक कटला ब्लेड तीनेक एमएम खातंय, ते धरून कागदावर कटिंग काढ मगच करवत लाव. आणि भिंतीत ड्रिल मारायच्या आधी नळाची लाईन कुठनं गेलीय ते घरच्यांना विचार, प्रत्येक वेळी.