पेढ्यांच्या डब्यातला ससा

मागच्या वेळी वाचकांच्या नाण्यांबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की मी पोकरच्या चिप्सही (कॅसिनोत पैशांऐवजी वापरतात त्या गोल चकत्या) जमवतो, आणि मग प्रश्नांची रांगच लागली. म्हणून ह्या खेपेला नाणी बाजूला, फक्त चिप्स.

प्रश्न : माझे मोठे काका १९८० नंतर काही वर्षं न्यू जर्सीत नोकरीला होते. ते गेल्यावर कपाट आवरताना काकूला पेढ्यांच्या डब्यात सहा चिप्स सापडल्या, त्यावर सशाचं तोंड आणि अटलांटिक सिटी असं लिहिलंय. भाऊ म्हणतो लाखो रुपये येतील, काकू म्हणते आधी ते घराबाहेर काढा. नक्की काय आहे हे? (वाचक, पुणे)

उत्तर : आधी काकूंना सांगा की घाबरू नका, अटलांटिक सिटीत तेव्हा कॅसिनो कायदेशीरच होते आणि न्यू जर्सीतली अर्धीअधिक देशी मंडळी पाहुणे आले की त्यांना तिकडे फिरवून आणायचीच. सशाचं तोंड हे प्लेबॉयचं चिन्ह, म्हणजे तुमच्याकडे आहेत त्या प्लेबॉय कॅसिनोच्या नावाच्या चिप्स. तो १९८१ साली सुरू झाला, लायसन्सचं लफडं झालं आणि १९८४ मध्ये नाव बदलून अटलांटिस झाला, म्हणजे ह्या नावाचा कारभार उणीपुरी तीन वर्षं. काकांचा काळ बरोबर बसतो. पण काळ जुळला म्हणून चिप खरी असं नाही, हे लक्षात ठेवा. मला येणाऱ्या दर दुसऱ्या मेसेजमध्ये एक काका, आजोबा नाहीतर शिपवर असलेला मामा असतो, आणि चिपवर मामाचा शिक्का नसतो हो.

तर चिप हातात घ्या. नेहमीची टेबलावरची चिप साधारण ३९ मिलिमीटर रुंद आणि साडेआठ ते दहा ग्रॅमच्या आसपास. सोनाराकडचं दहापट भिंग मागून आणा आणि कडेवरचे वेगळ्या रंगाचे पट्टे बघा. क्ले चिपमध्ये, म्हणजे मातीसारख्या मिश्रणाच्या चिपमध्ये, हे पट्टे रंगवलेले नसतात, मूळ चकतीचा तेवढा तुकडा कापून त्या जागी दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि मग सगळं साच्यात गरम करून दाबतात, त्यामुळे पट्टा वरून कडेवर आणि कडेवरून खाली असा सलग जातो आणि जोडाची रेघ किंचित वाकडीतिकडी दिसते. एकदम पट्टीने आखल्यासारखी आली की माझ्या मनात पाल चुकचुकते. मग मधलं छापील चित्र. खऱ्या चिपमध्ये ते चिपबरोबरच दाबलेलं असतं, नख फिरवलं तर अडकत नाही. नख अडकलं म्हणजे वरून स्टिकर लावलाय. आणि झीज सगळीकडे सारखी आहे का बघा, कड गोलमटोल झालीय आणि सोनेरी अक्षरं मात्र काल छापल्यासारखी चकाकतायत, असं होत नाही. ती अक्षरं मागाहून मारलेली.

आता किंमत. प्लेबॉयच्या चिप्सची एक गंमत आहे, कॅसिनोचं ते नाव गेल्यावर त्या नष्ट करायला दिल्या होत्या, पण त्या फोडायच्याऐवजी तिकडे मिसिसिपी राज्यात काँक्रीटखाली पुरल्या, आणि पुढे काही वर्षांनी खणताना त्या वर आल्या. झालं, दुर्मिळ म्हणून मिरवणारी चिप एकाएकी चिक्कार झाली. त्यातल्या बऱ्याच चिप्सना सिमेंट चिकटलेलं, कडा टवके उडालेल्या. म्हणून तुमच्या सहा चिप्सवर असं काही आहे का ते बघा. नसेल आणि कडा धारदार असतील तर पेढ्यांच्या डब्याने त्यांना चांगलं जपलंय, तुम्हाला थोडे जास्त पैसे मिळतील. पण लाखो विसरा, भावाला सांगा ईबेवर कोण किती मागतंय ते बघू नकोस, विकल्या गेलेल्या मालाचा फिल्टर लाव आणि तोच आकडा, तीच कंडिशन असलेली चिप खरंच कितीला गेली ते बघ. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

प्रश्न : ऑनलाइन ५०० चिप्सची पेटी घेतली, ॲल्युमिनियमची आहे, वर 'ओरिजिनल कॅसिनो क्ले, साडेअकरा ग्रॅम' लिहिलंय. हातात भारी मस्त वजनदार लागतात. पुढे किंमत वाढेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ते वजन आत घातलेल्या लोखंडी चकतीचं आहे, बाहेरून प्लॅस्टिक. फ्रिजवरचा मॅग्नेट लावून बघा, टपकन चिकटेल. लोकांना वाटतं जड म्हणजे अस्सल, उलट अमेरिकेतली नेहमीची क्ले चिप ह्यापेक्षा हलकी असते आणि टेबलावर टाकली की टण्ण न वाजता दबका आवाज करते. (मॅग्नेट हा शेवटचा शब्द नव्हे, काही खऱ्या कॅसिनोंच्या प्लॅस्टिक चिप्समध्येही आत धातू असतो. पण तुमच्या पेटीला ही सवलत नको.) दिवाळीत तीनपत्तीला वापरा, त्यासाठी झकास आहे.

प्रश्न : माझ्या मेहुण्याने अमेरिकेतून २५,००० आकड्याची चिप आणली. म्हणजे वीस लाखांच्या वर रुपये झाले ना? परत जाऊन कॅश होईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही फोटो पाठवलात हे बरं केलं. आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह कुठे आहे सांगा बघू? नाहीये. ही टूर्नामेंटची चिप. टूर्नामेंटमध्ये एंट्री फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, तो आकडा फक्त मार्कांसारखा, कॅसिनोच्या पैसे देणाऱ्या खिडकीवर त्याचे शून्य रुपये. पुष्कळ वेळा खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं.

शून्य किंमत म्हणून कोण नकली करणार असं वाटेल, तर २०१४ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कॅसिनोमध्ये हेच झालं. एका खेळाडूने नकली टूर्नामेंट चिप्स खेळात घुसवल्या, मग घाबरून उरलेल्या जवळच्या दुसऱ्या हॉटेलात आपल्या खोलीच्या संडासात टाकून फ्लश केल्या, पाइप तुंबले, खालच्या खोलीत पाणी गळायला लागलं आणि प्लंबरच्या हातात चिप्स आल्या. टूर्नामेंट रद्द करावी लागली. मेहुण्याने ती कुठून आणली ते मात्र विचारून ठेवा, कारण टूर्नामेंटच्या चिप्स बाहेर न्यायच्याच नसतात.

प्रश्न : गोव्याला पणजीच्या कॅसिनोच्या बोटीवर खेळलो होतो, दोन चिप्स खिशात राहिल्या. एकीवर ओटीपी लिहिलंय. पुढच्या ट्रिपला पैसे मिळतील का, का जपून ठेवू? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ओटीपी म्हणजे बँकेचा नव्हे, 'वन टाइम प्ले'. पॅकेजमध्ये फुकट मिळते ती, एकदा लावायची, जिंकलात तर साधी चिप मिळते, पण ओटीपी स्वतः कॅश होत नाही. दुसरी आकड्याची असेल तर पुढच्या वेळी आधी काउंटरवर दाखवा, वाट बघू नका. कॅसिनो चिप्सची डिझाइन बदलतात आणि जुनी बंद करतात. २०१० च्या डिसेंबरमध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत एक जण हेल्मेट घालून बाइकवरून आला, पिस्तूल दाखवून १५ लाख डॉलरच्या चिप्स उचलून गेला. कॅसिनोने काय केलं, २५,००० डॉलरवाली चिपच बाद केली आणि एप्रिल २०११ पर्यंत बदलून घ्या म्हणून जाहीर केलं. आता चोर ती घेऊन खिडकीवर जाणार कसा! शेवटी गिऱ्हाईक शोधता शोधता साध्या वेशातल्या पोलिसालाच विकायला गेला. आपल्या मांडवीतल्या चिप्स जमवणारे अजून थोडे आहेत, त्यामुळे आज भाव म्हणाल तर चिपवर लिहिलाय तेवढाच. मी तरी जपतोय, आवड म्हणून.

प्रश्न : एका ग्रुपवर फ्लेमिंगो कॅसिनोची 'पहिल्या वर्षीची' चिप १२,००० रुपयांना मिळतेय, सोबत सर्टिफिकेटही आहे. घेऊ का? (वाचक, नागपूर)

उत्तर : थांबा. हा घाव मी स्वतः खाल्लाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. लास व्हेगासचा फ्लेमिंगो १९४६ च्या २६ डिसेंबरला उघडला, त्यामुळे 'पहिलं वर्ष' हे शब्द ऐकले की जमवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतंच. मीही अशीच एक चिप घेतली होती, फोटोत अप्रतिम, कड जुनी, मधला कागद जरा पिवळसर. सर्टिफिकेट तर आमच्या लग्नपत्रिकेपेक्षा जाड. घरी आल्यावर चार दिवस सगळ्यांना दाखवली. मग एकदा ओळखीच्या किराणावाल्याकडे गप्पा मारत बसलो होतो, त्याच्याकडे नकली नोटा बघायचा निळा दिवा असतो, गंमत म्हणून चिप त्याखाली धरली तर मधला कागद धुतलेल्या बनियनसारखा निळा पांढरा चमकायला लागला. कागदात ती चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले साधारण १९५० नंतर, म्हणजे १९४६ चा कागद असा चमकायलाच नको. वरचा पिवळेपणा बहुतेक चहाचा होता. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

तर तुम्ही विकणाऱ्याकडे निळ्या दिव्याखालचा फोटो मागा, काट्यावर ठेवलेला फोटो मागा, कडेचा क्लोजअप मागा. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं. आणि सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा, विकणाऱ्यानेच छापलं असेल तर ते रद्दीत घाला. अजून एक भानगड म्हणजे फँटसी चिप्स, बंद पडलेल्या प्रसिद्ध कॅसिनोंचं नाव टाकून हौसेसाठी बनवलेल्या, त्या टेबलावर कधी आल्याच नाहीत. त्यांना नकली म्हणता येत नाही कारण अशी अस्सल चिप कधी नव्हतीच, पण विकताना हे कोणी सांगत नाही. टोपी आणि काठीचा शिक्का कडेने असला म्हणजे चिप्स बनवणाऱ्या पॉलसन कंपनीची असं ऐकलं असेल, तर तो साचा दिसला तरी लगेच भुलू नका, त्या साच्याचे घरगुती सेटही विकले गेलेत. अमेरिकेत १९८८ पासून जमवणाऱ्यांची संघटना आहे, आता तिचं नाव कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन, त्यांच्या जुन्या सभासदाला फोटो दाखवलात तर दोन मिनिटांत ओळखेल. मी हे आधी केलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

प्रश्न : जुन्या क्ले चिप्स मळल्यात. बायको म्हणते भांड्यांबरोबर डिशवॉशरमध्ये टाकू. चालेल? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अजिबात नको, रंग उडेल आणि कडा जातील. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, एकेक चिप, लगेच पुसून घ्या. फार दुर्मिळ असेल तर तेही करू नका, जमवणारे मळकी चिप घेतात पण घासलेली घेत नाहीत. आणि जुन्या काही क्ले चिप्समध्ये वजनासाठी शिसं घातलेलं असायचं, त्यामुळे भांड्यांबरोबर तर नकोच, धुऊन झाल्यावर हात धुवा आणि धाकट्याच्या तोंडात जाणार नाही अशा जागी ठेवा.