नऊ पेडलची यादी

प्रिय,

'चि.' लिहिणार होतो, पण ते तुला लग्नपत्रिकेतलं वाटेल, म्हणून नुसतं प्रिय. तुझी यादी मिळाली, आणि तुमच्या बँडचं शूगेझचं, म्हणजे गिटारींच्या धुक्यात गाणं बुडवणाऱ्या त्या रॉकचं, रेकॉर्डिंगही मिळालं. यादी एकदा वाचली आणि रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं, यावरून काय ते समज.

यादीत गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे नऊ पेडल आहेत. तीन रिव्हर्ब (आवाज घुमवणारे), दोन डिले (तो उशिराने परत ऐकवणारे), दोन फझ (तो खरखरीत करणारे), एक कोरस (एकाचे अनेक भासवणारा), आणि एक असं की नाव वाचूनही ते नेमकं काय करतं ते मला कळलं नाही. बेरीज केली तर तुझे दोन पगार जातात. "काका, यातलं आधी काय घेऊ?" असं विचारलंयस. सांगतो, पण जरा वळसा घालून.

1993 साली आमच्या हॉस्टेलवर एका मित्राच्या भावाने लंडनहून कॅसेटवर उतरवून आणलेला एक अल्बम आला. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या शूगेझ बँडचा 'लव्हलेस'. माझ्या टू-इन-वनवर लावला. ड्रमचे चार ठोके पडले आणि पाठोपाठ गिटार आली ती लडखडतच. सूर खाली घसरतोय, वर येतोय, परत घसरतोय. मला वाटलं टेप ताणली गेली. हेड कोलोनने पुसलं. तरी तेच. मग बारक्या स्क्रूड्रायव्हरने कॅसेटचे पाचही स्क्रू काढले, आतली स्पंजची पट्टी नीट बसवली, पेन्सिलीने टेप पुढेमागे फिरवून घट्ट केली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या चांगल्या डेकवर लावून पाहिली तेव्हा खात्री पटली की टेप धड आहे, सूरच हलतोय. पुढे कळलं की हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना जगभर अनेकांना आपली टेप किंवा रेकॉर्ड बिघडल्याचा संशय आला होता. तेवढंच बरं वाटलं.

तो हलणारा सूर कशातून येतो ते नीट समजून घे, कारण तुझ्या यादीचं अर्धं उत्तर तिथेच आहे. त्या बँडचा गिटारवाला केव्हिन शील्ड्स फेंडर कंपनीची जॅझमास्टर गिटार वाजवायचा. तिच्या ब्रिजपाशी ट्रेमोलोचा दांडा असतो. बाकीचे गिटारवाले काय करतात? कॉर्ड वाजवतात, मग दांडा दाबून सूर थरथरवतात. शील्ड्सने दांडा तळहातात धरूनच स्ट्रमिंग केलं. हात खाली गेला की दांडा दबतो, वर आला की सुटतो. म्हणजे प्रत्येक फटक्यासरशी अख्खी कॉर्ड थोडी बेसूर होऊन परत सुरात येते. त्यात त्याने तारा वेगवेगळ्या ट्यूनिंगला लावलेल्या, आणि सोबत उलटा रिव्हर्ब. त्यातला आवाजाचा माग विरत जाण्याऐवजी फुगत येतो, त्यामुळे तार नेमकी कधी छेडली तेच कळत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर गिटारी एकावर एक रचल्यात. शील्ड्सचं म्हणणं नेमकं उलटं आहे: त्यात गिटारचे ट्रॅक लोकांना वाटतात त्याहून फारच कमी आहेत.

तू लगेच म्हणशील, "मग स्टेजवर त्याच्या पायाशी पेडलची अख्खी बाजारपेठ का?" अगं, ते स्टेजसाठी. स्टुडिओत एकेका गाण्याला जो आवाज महिनाभर शोधून मिळाला, तो एका संध्याकाळी एकापाठोपाठ एक उभा करायचा तर प्रत्येकासाठी वेगळी जोडणी लागते. त्या फोटोवरून यादी करणं म्हणजे केटररचा ट्रक बघून घरच्या वरणभाताचं सामान आणणं.

माझीही तशीच फजिती झालीय. कॉलेजच्या एका महोत्सवात आम्ही तिघांनी असलं काहीतरी वाजवलं. उसना आणलेला एक डिले, एक रिव्हर्ब, सगळे नॉब उजवीकडे टोकाला. मला आतून फार भारी वाटत होतं. डोळे मिटलेले, केस तोंडावर (तेव्हा होते). साउंडवाल्याने मिक्सरवरून सरळ कॅसेटवर रेकॉर्डिंग केलेलं. आठवड्याने ऐकलं तर तिसऱ्या गाण्यात मी पूर्ण चार मिनिटं एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरची एक पट्टी, वर होतो. अख्खं गाणं. बेसिस्ट एका सुरात, मी दुसऱ्या. आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, श्रोत्यांनाही नाही. ते तर भजी खायला गेले होते. धुकं इतकं दाट की मी रस्ता सोडून शेतात गाडी चालवतोय याचा पत्ताच नाही. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक मिनिट वीस सेकंदांपासून पुढे मला तेच शेत दिसलं. रागावू नकोस.

तू म्हणतेस शूगेझ 'परत आलंय'. आलंय खरं. पण ते गेलं कसं होतं ते तुझ्या पिढीला माहीत नाही, म्हणून सांगतो. 'बुटांकडे टक लावणं' अशा अर्थाचं हे नावच मुळात टिंगल आहे. 'साउंड्स' या लंडनच्या साप्ताहिकात मूस नावाच्या बँडच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना ते आलं. त्यांचा गायक जमिनीवर चिकटवलेले गाण्याचे शब्द वाचत खाली मान घालून गात होता. म्हणजे गंमत बघ, तो पेडलकडे बघतच नव्हता, आणि बुटांकडेही नाही. पुढे रीडिंग, ऑक्सफर्ड, लंडन इथली ही पोरं एकमेकांच्या कार्यक्रमांना जाऊन एकमेकांचं कौतुक करतात म्हणून 'मेलडी मेकर'ने त्यांना 'स्वतःचाच सोहळा करणारी मंडळी' असंही नाव ठेवलं. खाऊनपिऊन सुखी घरातली, गोरीगोमटी, लाजाळू पोरं आणि त्यांच्या गाण्यात काही राजकारण नाही, हाही एक आरोप.

मग 1991 चं शरद. सप्टेंबरअखेर निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड' आला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'लव्हलेस'. दोन वर्षांच्या आसपास आणि जवळपास एकोणीस स्टुडिओ खर्ची घालून झालेल्या या अल्बमने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, 'क्रिएशन रेकॉर्ड्स'ला, बुडवलं, अशी दंतकथा आहे. खर्चाच्या आकड्यावरून शील्ड्स आणि कंपनीचा मालक अ‍ॅलन मॅकगी यांचं अजून एकमत नाही. मला त्या आकड्यापेक्षा वेगळ्याच गोष्टी जवळच्या वाटतात. ड्रमर कोल्म ओ'किओसिग आजारी होता, म्हणून त्यानेच वाजवलेले तुकडे सॅम्पल करून, जुळवून बहुतेक ताल उभे केले. गायिका बिलिंडा बुचरला पहाटे झोपेतून उठवून गायला लावत, म्हणून तो आवाज तसा अर्धवट जागा. म्हणजे ज्याला आपण 'स्वप्नाळू' म्हणतो त्याच्या मुळाशी एक आजारी माणूस आणि एक झोपमोड झालेली बाई आहे. अडचण आली की तिच्यातूनच काहीतरी काढायचं, हे त्यांना जमलं. पेडल घेऊन ते जमत नाही.

पण तू खरी भक्त स्लोडाइव्ह या बँडची आहेस, तर त्यांच्याकडे येतो. रीडिंगची पोरं, पहिला अल्बम आला तेव्हा विशीतली. नील हॉलस्टेड आणि रेचल गॉझवेल यांचं प्रेमप्रकरण संपलं, नील वेल्समधल्या एका घरात जाऊन एकटा बसला आणि गाणी लिहून आला. त्यातून 1993 चा 'सूव्लाकी' झाला. नामवंत संगीतकार ब्रायन ईनोचा त्यातल्या दोन गाण्यांना हात लागलाय. आज तो अल्बम तुम्ही लोक देव्हाऱ्यात ठेवता. तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा मी लापशीने भरलेल्या टबात बुडून मरेन. लापशी! सणावाराला करायचा पदार्थ आमच्याकडे. त्या माणसाला बहुतेक फक्त बिनसाखरेची मिळाली असावी. 1995 च्या फेब्रुवारीत त्यांचा तिसरा अल्बम 'पिग्मेलियन' आला, आणि आठवड्याभरात त्याच 'क्रिएशन' कंपनीने त्यांना काढून टाकलं. तोवर ब्रिटपॉपची लाट आली होती. ओअ‍ॅसिस, ब्लर, सगळा छाती पुढे काढून गाण्याचा मामला. राइड या दुसऱ्या शूगेझ बँडचा अँडी बेल पुढे ओअ‍ॅसिसमध्ये जाऊन बेस वाजवू लागला, यातच काय ते आलं.

आता इथे मी थांबतो, कारण माझं म्हणणं इथे आहे. स्लोडाइव्ह मोडल्यावर नील आणि रेचल यांनी काय केलं? मोहावी थ्री नावाचा बँड काढला आणि अकूस्टिक गिटारवर साधी, जवळजवळ कंट्रीच्या अंगाची गाणी म्हटली. धुकं पूर्ण उतरवून ठेवलं. आणि खाली माणूस सापडला. 'सूव्लाकी'तलं 'अ‍ॅलिसन' घे, साध्या गिटारवर, घरात, पंखा बंद करून वाजवून बघ. पूर्ण गाणं आहे ते. चाल आहे, कॉर्ड कुठे बदलायची त्याला कारण आहे. 2014 मध्ये हे लोक परत आले, बावीस वर्षांच्या खंडानंतर 2017 चा अल्बम काढला, 2023 चा ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिल्या दहांत गेला. ते फझचं भाग्य नव्हे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचंही तसंच. 'लव्हलेस'नंतरचा अल्बम यायला 2013 उजाडलं, आणि तो स्वतःच्या वेबसाइटवर टाकला त्या रात्री वेबसाइट कोसळली. इतकी वर्षं कुणी आवाजासाठी थांबत नाही.

तुझ्या पिढीने हे कसं उचललं तेही मी बघतो. सॅन फ्रान्सिस्कोची गायिका विस्प 2023 मध्ये दुसऱ्या कुणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या तयार गिटार ट्रॅकवर गायली, आणि टिकटॉकने ते गाणं जगभर नेलं. दक्षिण कोरियातल्या सोलचा पॅरनूल खरं नाव न सांगता घरी संगणकावर अल्बम करतो आणि 2021 चा त्याचा अल्बम मी आजही ऐकतो. एकाकडे तरी तुझी नऊची यादी होती का? आपल्याकडे टिकटॉक 2020 लाच बंद झालं, तरी तुम्हा सगळ्यांना पंधरा सेकंदांतच हे संगीत भेटलंय. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. मला ते ताणलेल्या टेपमधून भेटलं, तुला फोनमधून. पण पंधरा सेकंदांत फक्त पोत कळतो. गाणं सहा मिनिटांत कुठून कुठे गेलं हे कळत नाही, आणि मग आपणही नुसता पोत विणत बसतो.

जाता जाता एक. परवा तू म्हणालीस की शूगेझ म्हणजे तानपुराच. ही तुलना बरेच जण करतात आणि मला ती अर्धीच पटते. मिरजेचा कारागीर ब्रिजवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो तेव्हा आवाज खुलतो आणि प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. सगळी धडपड गायकाला आधार मिळावा म्हणून. इथे उलट, गायकाचा आवाज मुद्दाम गिटारींच्या मागे लोटतात, शब्द कळू नयेत म्हणून. कान मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो. सूर लावायला तानपुरेवाला जितका वेळ घेतो तितका तू कधी गिटार ट्यून करायला घेतेस का?

तर यादी. तीनातले दोन रिव्हर्ब काट. स्लोडाइव्हने यामाहाच्या एका साध्या रॅक युनिटमधल्या (इफेक्टच्या डब्यातल्या) 'सॉफ्ट फोकस' या एकाच सेटिंगवर किती गाणी काढली ते शोध. कोरस काट, त्या अगम्य डब्यावरही फुली. एक फझ, एक डिले, एक रिव्हर्ब. तिन्ही सेकंडहँड बघ, आणि उरलेल्या पैशांतून पेडलसाठी धड पॉवर सप्लाय घे. एकाच अडॅप्टरला सगळे जोडलेस की जी गुणगुण येते ती शूगेझ नव्हे, वायरिंग आहे. मग रिव्हर्ब फझच्या आधी लावून बघ. सगळे नंतर लावतात. आधी लावलास की रिव्हर्बचा मागही फझमध्ये चिरडला जातो आणि भिंत उभी राहते. पण भरगच्च कॉर्ड तिथे चिखल होते, म्हणून दोन-तीन सूर आणि मोकळ्या तारा एवढंच ठेव. दांडा असलेली गिटार तुझ्याकडे नाही. माझी जुनी पडून आहे, ब्रिज खडखडतो, घेऊन जा. आणि ते गाणं एक मिनिट वीसनंतर कुठे जातंय ते आधी पेडलशिवाय ठरव. ड्रमरलाही बोलाव, तो तिथे तुझी वाट बघत थांबल्यासारखा वाजवतोय.

शेवटचं, कानांचं. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या कार्यक्रमात दारावर इअरप्लग वाटतात. माझ्या डाव्या कानात गेली अकरा वर्षं रात्री बारीक शिट्टी वाजते. काही स्टुडिओत कमावली, काही विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून. तुमची तालमीची खोली दहा बाय दहाची आहे आणि खिडकी बंद. सोबत इअरप्लगची एक जोडी पाठवतोय, धुऊन परत वापरता येते. डबीत ठेवत जा. मी आतापर्यंत तीन जोड्या हरवल्यात, त्यातली एक तुमच्याच सोफ्यात असावी. आईला बघायला सांग.

तुझा,
काका