हमला, मारहाण, दुखापत: जेल कोणत्या शब्दाला?

पारोळ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने काठी उगारली, पण मारली नाही. गाव म्हणतं ‘हल्ला केला’, कोणी ‘मारहाण’ म्हणतं, आणि वकिलांच्या कागदात ‘हमला’ आहे. हे सगळं एकच का, आणि यात जेल किती?

बोलण्यात एकच, कायद्यात नाही. शिक्षेचा आकडा नेमका याच फरकावर ठरतो.

‘हमला’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. कायद्याच्या मराठी पाठात ‘असॉल्ट’साठी तोच शब्द आहे. हमल्यात अंगाला हात लागावाच लागत नाही. आता हा मारणारच, अशी समोरच्याला धास्ती बसेल असा हावभाव किंवा तयारी झाली की पुरे. अहिराणीत ‘तो मना आंगवर धाई उना’ (माझ्या अंगावर धावून आला) म्हणतात, ते या अर्थाच्या फार जवळ जातं. बातम्यांतला ‘हल्ला’ तितका जवळ जात नाही. ‘हल्ल्यात दोघे जखमी’ असे मथळे वाचून वाचून हल्ला म्हटलं की आपल्याला रक्तच दिसतं. नुसतं ‘तुला पाहून घेईन’ म्हणणं हमला नव्हे (धमकीचं कलम वेगळं आहे), पण काठी उगारून तेच म्हटलं तर त्या शब्दांनी काठीचा अर्थ पक्का होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३१ प्रमाणे याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘मारहाण’ आपण रोज वापरतो, फिर्यादीतही लिहितात, पण संहितेत तिची व्याख्या नाही. तिथे आहे ‘दुखापत’, आणि दुखापत म्हणजे जखम नव्हे. शारीरिक वेदना, आजार किंवा अशक्तपणा, यांतलं काहीही चालतं. ‘रक्त आलं नाही, केस कशाची?’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते चूक आहे. मुका मार ही पूर्ण दुखापत आहे. कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलीस ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ‘दखल’ अरबी, ‘पात्र’ संस्कृत. अशा जोडशब्दांवर आपली सगळी कचेरी उभी आहे.

तोच मार विळ्याने किंवा कोयत्याने बसला तर कलम ११८(१) लागतं, तीन वर्षांपर्यंत. हाड मोडलं, दात पडला, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली, तर ती ‘जबर दुखापत’. वर्तमानपत्रं तिला ‘गंभीर’ म्हणतात. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तरीही ती जबरच. जुन्या दंड संहितेत हे वीस दिवस होते. कलम ११७(२) प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जबर दुखापत हत्याराने केली तर किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं किंवा जन्मठेप.

इथे ‘पर्यंत’कडे नीट बघा. ‘सात वर्षांची शिक्षा आहे’ असं आपण सहज म्हणतो, पण ती वरची हद्द आहे. कोर्ट तिच्या आत कितीही देऊ शकतं. खालची हद्द असेल तिथे कायदा ‘कमी नाही’ असं वेगळं सांगतो.

‘दंड’ही फसवा आहे. दंड संहितेतला दंड म्हणजे कोणतीही शिक्षा, बोलण्यातला दंड म्हणजे पैसे. म्हणून कायद्याच्या मराठीत पैशांसाठी ‘द्रव्यदंड’ लिहितात. कैदेतही दोन प्रकार, साधी आणि सश्रम. सश्रमला लोक ‘सक्तमजुरी’ म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक स्पष्ट वाटतो.

तुमच्या शेजाऱ्याने काठी फक्त उगारली असेल तर तो हमला, कलम १३१, हाही अदखलपात्रच. न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली; घटना त्याआधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम ३५२ लागेल. तिथेही कैद तीन महिन्यांपर्यंतच होती, दंड मात्र ५०० रुपयांपर्यंत.