नवी बुलेट दारात, जीव जुनीत

"नवी गाडी घेतली, पेढे वाटले, आणि आता जुनीच्या आठवणीनं झोप लागत नाही. हा वेडेपणा आहे का हो?" असं विचारणारे माझ्याकडे, समुपदेशकाकडे, वारंवार येतात. बहुतेक पुरुष, चाळिशी-पन्नाशीतले. येतात दुसऱ्याच तक्रारीसाठी. कुणाची चिडचिड, कुणाचा बायकोशी अबोला, कुणाची ॲसिडिटी. गाडीचा विषय निघतो तो उठता उठता, दाराशी. त्या सगळ्यांना मिळून एक उत्तर द्यावं म्हणून कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांची हकीकत सांगते. माणसाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. गाडीचे तसेच ठेवलेत, कारण मर्म तिथंच आहे.

गाडी 1994 ची बुलेट, 350 सीसी, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. 2009, 2014, 2019 अशी तीनदा पासिंग करून आणलेली. 2024 ला पुन्हा आरटीओ आणि ग्रीन टॅक्स समोर उभे राहिले, तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, आता बास." जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन त्याच कंपनीची नवी क्लासिक 350 घरी आली.

पत्नी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नव्या गाडीला हे फडकंसुद्धा मारत नाहीत. रात्री मोबाईलवर जुनीचा नंबर टाकून बघत बसतात, नाव बदललं का म्हणून."

मी गृहस्थांना विचारलं, "नवीत खोट काय आहे?"

"खोट काय नाही मॅडम. तीच तर अडचण आहे."

पुढे बराच वेळ आम्ही याच वाक्याभोवती फिरत होतो. "काय वाटतं?" असं विचारलं की आपल्याकडचे पुरुष "काय नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून मी भावना विचारतच नाही, कृती विचारते. माणसाचं दुःख त्याच्या हातापायांत साठलेलं असतं आणि हातपाय खोटं बोलत नाहीत, यावर माझा पुस्तकांपेक्षा जास्त विश्वास आहे. एका भेटीत त्यांना म्हटलं, "जुनी गाडी सकाळी कशी सुरू करायचात, ते इथं खुर्चीत बसून करून दाखवा."

आधी ते हसले. मग डावा हात टाकीखाली गेला, पेट्रोलचा कॉक फिरला. चावी. नजर खाली, बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या ॲमीटरच्या काट्यावर. उजवा पाय हवेतली किक हळूहळू दाबू लागला. "आता काटा मायनसला आहे. दाबत जायचं, दाबत जायचं... हां, आला मधे. म्हणजे ठिणगी पाडणारा पॉइंट उघडला, पिस्टन वर आला. आता इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक बोटभर पुढं सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची. आणि मग एकच. दोन नाही." पाय खाली गेला आणि ते थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "घरात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पोरगा शेवटी हाकच मारायचा. ही नवी कुणीपण बटण दाबलं की चालू होते."

मी मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकानं बोललं की सगळं सांडतं. त्यांनीच वाक्य पुरं केलं. "हिला माझी गरज नाही."

इतकी भेटगाठ झाली ती या एका वाक्यासाठी. लोकांना वाटतं, जुन्या गाडीवरची माया म्हणजे तरुणपणाची आठवण. थोडी असतेही. पण माझ्या पाहण्यात खरा तुटवडा कौशल्याचा असतो. पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर बसवणं, थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी मोकळा फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढील, लावणं, फायरिंग ऐकून टायमिंग ओळखणं, ही त्यांची तीस वर्षांची कमाई होती. नव्या इंजिनात फ्युएल इंजेक्शन आहे, कंपनं खाऊन टाकणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि किक नाहीच. गाडीसोबत त्यांचं ज्ञानही एक्स्चेंजमध्ये गेलं आणि त्याची किंमत कुणी लावली नाही. पन्नाशीत घरातही हेच घडत असतं: मुलांची अडलेली कामं मोबाईल करतो, बापाला हाक मारायचं कारण उरत नाही. गाडी हे त्याचं फक्त दिसणारं टोक.

आता तुमची हळहळ यातलीच असेल असं नाही. आधी ती वेगळी करा. जुनी कास्ट आयर्न बुलेट बाहेर किती भावाला जाते हे नंतर कळलं आणि पोटात दुखतंय, तर तो व्यवहाराचा पश्चात्ताप आहे. त्याला प्रेमाचं नाव देऊ नका; पुढच्या वेळी बाहेरचे दोन-तीन भाव घेऊन मगच एक्स्चेंजला जा, एवढंच त्याचं औषध. गाडी वडिलांची होती आणि वडील नाहीत, तर शोक वडिलांचा आहे. तिथं गाडी परत आणूनही फार काही हाती लागत नाही, आणि त्यावर बोलायला वेगळी बैठक हवी.

रात्री नंबर टाकून बघण्याला मी नाद म्हटलं नाही, कारण त्या चिंतेत तथ्य होतं. गाडी दिली तरी आरसीवर नाव तुमचं असेल तर अपघाताच्या भरपाईत कायदा तुम्हालाच मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून विसरून जाऊ नका. प्रती ठेवा, तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट घ्या, राज्यातल्याच व्यवहाराची खबर 14 दिवसांत आरटीओला द्या. घेणारा अधिकृत जुन्या वाहनांचा डीलर असेल तर 1 एप्रिल 2023 पासून फॉर्म 29सी भरून नोंद करता येते. नो क्लेम बोनसही तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नवीला लावा. या गृहस्थांच्या आरसीवर महिने लोटले तरी त्यांचंच नाव होतं. कागद पुरे झाल्यावर रात्रीचं बघणं आपोआप थांबलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना थेट बजावली, कारण जिवाशी गाठ होती. जुनीला गिअर उजवीकडे, पहिला वर आणि बाकी तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. नवीला सगळं उलट. समोर अचानक म्हैस आली की डावा पाय सवयीनं खाली जाणार, आणि तिथं ब्रेक नाही, गिअर आहे. गाडी थांबायची सोडून एक गिअर उतरून धक्का खाते. ही शरीराची सवय, समजावून जात नाही. मोकळ्या मैदानात 20 च्या वेगानं सुरुवात करून फक्त थांबायचा सराव करा. डावा पाय फूटपेगवर सपाट, उजवा पाय आणि पुढचा ब्रेक एकत्र. जमलं की 40 ला. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, लागलं की लिव्हर थरथरते. घाबरून सोडू नका, दाबून धरा. हात बसेपर्यंत मागं कुणाला बसवू नका आणि जुन्या बुलेटवाल्या मित्राची गाडी मधेच चालवू नका, सवयींची सरमिसळ होते.

नव्या गाडीनंही थोडी चाकरी मागितली तर नातं लवकर जमतं. साधारण 500 किलोमीटरला चेन स्वतः पुसून ल्युब लावा, पंधरा दिवसांनी गाडी थंड असताना हवा तपासा, क्लच केबलची ढील हातानं लावायला शिका. शोरूममध्ये गाडी सोडून निघून येऊ नका.

गाडी परत विकत घ्यावी का, हे हमखास विचारतात. मी तीन महिने थांबायला सांगते. त्यानंतरही घ्यायचीच असेल तर तीच हवी हा हट्ट सोडा. एजंटमार्फत नव्या मालकाच्या दारात जाऊन उभं राहणं बरं नव्हे. तशीच दुसरी बघा. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडा, पासिंगची मुदत, थकलेले चलान आणि कर्जाचा बोजा बघा, आणि घरात आधी विचारा. या गृहस्थांनी घेतली नाही. ते रविवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये जातात आणि इतरांच्या कास्ट आयर्न गाड्यांचे पॉइंट लावून देतात. मिस्त्रीला हल्ली ते काम येणारं माणूस मिळत नाही.

घरच्यांना एवढंच सांगेन, "लोखंडच तर होतं" असं म्हणू नका. मात्र दोन-तीन आठवडे झोप आणि भूक सतत उडालेली असेल, कामात लक्ष नसेल, कशातच रस उरला नसेल, तर गाडीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. 14416 ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.