डिस्क मंद झाली आहे की आजारी?

प्रश्न : नारायण पेठेत आमचा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. २०११ साली घेतलेले वर्कस्टेशन अजून वापरात असून त्यात मिनिटाला ७२०० फेऱ्यांची १ टीबीची हार्ड डिस्क आहे. हल्ली संगणक सुरू होण्यास फार वेळ लागतो आणि मोठी फाइल सेव्ह करताना तो मध्येच अडकतो. तशीच दुसरी डिस्क घेऊन दोन्ही ‘रेड ०’ पद्धतीने जोडल्यास वेग दुप्पट होईल, असे दुकानदार म्हणतात. दिवाळी अंकांचे काम तोंडावर आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे ३०

उत्तर : हा सल्ला कृपया मानू नये. ‘रेड ०’मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर विखुरलेले असतात, त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी सगळेच काम जाते, आणि इथे तर त्यांतली एक डिस्क आधीच संशयास्पद आहे.

डिस्क नुसती मंद आहे की आजारी, हे आधी ठरवावे लागेल. सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि मगच ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हे डिस्कची प्रकृती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालवून ‘रॉ व्हॅल्यू’चा रकाना पाहावा. सी५ किंवा सी६ या ओळींत शून्याखेरीज काही दिसत असेल, किंवा ०५ या ओळीतील आकडा वाढत असेल, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे असे समजून ती कामातून काढावी. प्रत घेण्याआधी ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे डिस्क-तपासणीचे साधन चालवण्याचा मोह टाळावा, कारण संपूर्ण तपासणीचा तो ताण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला सोसत नाही. फक्त सी७चाच आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही. तो पुढे वाढायचा थांबला की काम झाले.

आता वेगाविषयी. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद, आणि हेड सरकण्यास साधारण तितकाच किंवा दुप्पट वेळ. विखुरलेल्या लहान फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास मागण्या पुऱ्या करते. दुसरी डिस्क जोडल्याने ही वाट पाहणे कमी होत नाही. ते एसएसडीने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कने होते. तुमच्या संगणकाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे असले, तर २.५ इंची एसएसडीचा वेग सेकंदाला २८० एमबीच्या आसपास अडेल, पण त्याने खंत करण्याचे कारण नाही, कारण रोजच्या कामात खरा फायदा प्रतीक्षा संपण्याचा असतो. एनव्हीएमई एसएसडी (साटाऐवजी अधिक वेगवान मार्गाने जोडली जाणारी) मात्र घेऊ नये. इतक्या जुन्या बायोसमधून (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधून) तिच्यावरून विंडोज सहसा सुरू होत नाही.

बायोसमध्ये साटा ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर असेल, तर ती बदलून ‘एएचसीआय’ ही नवी पद्धत निवडून विंडोज नव्या एसएसडीवर कोरी बसवावी. आधीच बसवलेल्या विंडोजखाली हा बदल केल्यास बहुधा निळा पडदा दिसून विंडोज सुरूच होत नाही. एसएसडी डीफ्रॅग करू नये (म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणू नयेत) आणि तीत थोडी जागा मोकळी ठेवावी.

यूपीएसची बॅटरीही तपासून घ्यावी. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे ठाऊक असूनही फाइल सेव्ह होत असतानाच संगणक बंद पडलेले अनेक जण भेटतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन डिस्क ‘रेड १’मध्ये आहेत. वेगळा बॅकअप लागेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लागेल. ‘रेड १’मध्ये दोन्ही डिस्कवर तीच प्रत असते. ती डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेलीच राहिल्यास व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो.